फोन हप्त्यावर घ्यायचा की सिम कंपनीच्या ऑफरमध्ये? सही करण्याआधी घरी बसून करायचा हिशोब

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुंब्रा, कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका, डोंबिवली स्टेशनचा परिसर, सगळीकडे मोबाईलच्या दुकानांत एकच चित्र दिसते. मुलगा किंवा मुलगी एका फोनवर बोट ठेवून उभी असते आणि शेजारी आई-वडील किंमत ऐकून गप्प झालेले असतात. मग काउंटरमागून आवाज येतो, "भाईजान, पूर्ण पैसे कशाला देता? आधार-पॅन द्या, दहा मिनिटांत फोन हातात. व्याज झिरो."

दुसरीकडे सिम कंपनीच्या जाहिराती असतात. फोन निम्म्या किमतीत, फक्त आमचेच सिम वापरा आणि दर महिन्याला रिचार्ज मारा. दोन्ही वाटा सोप्या वाटतात. दोन्हींत आज खिशातून थोडेच पैसे जातात. पण उरलेले पैसे कुठून, किती आणि किती दिवस जातात, हे बहुतेक वेळा कोणी नीट सांगत नाही. फोन आता चैन राहिलेला नाही. अभ्यास, बँक, रिक्षाचे भाडे, शिवणकामाची ऑर्डर, सगळे त्याच्यावर चालते. म्हणून या दोन्ही वाटांचा हिशोब आपण आज शांतपणे मांडू या.

आधी 'लॉक' म्हणजे काय ते समजून घेऊ

'अनलॉक' फोन म्हणजे ज्यात कोणत्याही कंपनीचे सिम चालते तो फोन. आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक फोन असेच असतात. अमेरिकेत बरीच वर्षे उलटी पद्धत होती. तिथे ग्राहक सिम कंपनीशी दोन वर्षांचा करार करायचा, फोन स्वस्तात मिळायचा आणि करार संपेपर्यंत तो त्याच कंपनीला बांधलेला असायचा. भारतात बहुतेक लोक प्रीपेड वापरतात. रिचार्ज संपला की करारही संपला. त्यामुळे ती पद्धत इथे फारशी रुजली नाही.

तरी लॉक आपल्याकडे आहेच, आणि तो दोन प्रकारचा आहे. पहिला सिमचा लॉक : फोनमध्ये ठरलेल्या कंपनीचेच सिम चालते. दुसरा कर्जाचा लॉक : फायनान्सवर घेतलेल्या काही फोनमध्ये एक ॲप बसवलेले असते आणि हप्ता थकला की फोन दूरवरून बंद करता येतो. असे लॉक करण्याची मुभा कर्ज देणाऱ्यांना असावी की नसावी, यावर २०२५ मध्ये बरीच चर्चा झाली. आपल्यापुरते लक्षात ठेवायचे ते एवढेच : कर्जाच्या कागदात असे कलम आहे का, हे सहीआधी विचारा. ज्या फोनवर रिक्षाचे किंवा डिलिव्हरीचे ॲप चालते, तो एक दिवस बंद पडला तर त्या दिवसाची कमाईही बंद पडते.

सिम कंपनीच्या ऑफर : जुना अनुभव काय सांगतो

ही कल्पना नवीन नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' आणला. ५०१ रुपये भरा आणि हँडसेट घेऊन जा. ज्यांच्या घरात कधी फोन नव्हता त्यांच्या हातात त्याने मोबाईल दिला, हे खरेच. पण ते सीडीएमएचे हँडसेट होते. दुसऱ्या कंपनीचे नेहमीचे सिम त्यात घालायची सोय नव्हती. सेवा आवडली नाही तर हातात फक्त डबा उरायचा.

२०१७ मध्ये जिओफोन आला. १,५०० रुपये अनामत आणि तीन वर्षांनी ती परत, अशी योजना होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एअरटेलने कार्बन कंपनीचा ए४० इंडियन हा फोन आणला. जाहिरातीत किंमत होती १,३९९ रुपये. पण दुकानात द्यायचे होते २,८९९. उरलेले १,५०० रुपये परत मिळणार होते, तेही १८ महिन्यांनी ५०० आणि ३६ महिन्यांनी १,०००. त्यासाठी सलग ३६ महिने १६९ रुपयांचा रिचार्ज करणे हा सरळ मार्ग होता. आता बेरीज करा. ३६ गुणिले १६९ म्हणजे ६,०८४. त्यात २,८९९ मिळवले आणि परत आलेले १,५०० वजा केले, तर तीन वर्षांत ७,४८३ रुपये. रिचार्ज तसाही करावाच लागतो, त्यामुळे हा सौदा वाईटच होता असे नाही. पण १,३९९ हा आकडा घेऊन घरी आलेल्या माणसाने तीन वर्षांची बांधिलकी घेतली होती, हे त्याला माहीत असायला हवे होते.

सगळ्यात बोलके उदाहरण जिओफोन नेक्स्टचे. २०२१ च्या दिवाळीत तो आला. रोख किंमत ६,४९९ रुपये. हप्त्यावर घेतला तर आधी १,९९९ रुपये आणि प्रोसेसिंग फी ५०१. मग सर्वात लहान योजनेत २४ महिने दरमहा ३०० रुपये. या हप्त्यातच महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटांचे बोलणे येत होते. एकूण रक्कम होते १,९९९ अधिक ५०१ अधिक ७,२००, म्हणजे ९,७०० रुपये. रोख किमतीपेक्षा ३,२०१ रुपये जास्त. महिन्याला साधारण १३३ रुपये पडले. त्यात ५ जीबी आणि १०० मिनिटे मिळाली. ज्याला एवढ्यात भागते त्याला परवडले. पण ज्या घरात ऑनलाईन क्लास चालतात तिथे महिन्याचे ५ जीबी आठवड्यात संपतात. मग वेगळा रिचार्ज, वेगळा खर्च. शिवाय त्या फोनमध्ये दुसरे सिम घालता येत असले तरी डेटा जिओचाच वापरावा लागत होता.

जुलै २०२३ मध्ये पोको सी५१ या फोनची एअरटेलची खास आवृत्ती ५,९९९ रुपयांना आली. अट होती १८ महिने एअरटेलचेच प्रीपेड सिम आणि १९९ रुपये किंवा त्याहून जास्तीचा रिचार्ज. महिन्याला एक रिचार्ज धरला तरी १८ गुणिले १९९ म्हणजे ३,५८२ रुपये.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. फोनच्या किमतीत मिळालेली सूट म्हणजे पुढच्या दीड-दोन-तीन वर्षांच्या रिचार्जची हमी आपण आधीच देऊन टाकलेली असते. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा अनेकांनी स्वस्त पर्याय शोधत नंबर पोर्ट केले. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क आपल्याला जानेवारी २०११ पासून देशभर आहे. पण फोनच एका कंपनीला बांधलेला असेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

आणखी एक स्थानिक मुद्दा. मुंब्र्याच्या दाट इमारतींत, कल्याणच्या जुन्या वस्तीत किंवा डोंबिवलीच्या एखाद्या तळमजल्यावर कोणत्या कंपनीची रेंज येते, हे गल्लीगणिक बदलते. म्हणून बांधलेला फोन घेण्याआधी त्या कंपनीचे एखादे सिम घरात, कामाच्या जागी आणि लोकलच्या रोजच्या प्रवासात दोन दिवस वापरून बघा. रेंज नसेल तर स्वस्त फोनही महागच.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये कॉस्ट कुठे असते

आता दुसरी वाट : फोन अनलॉक, पैसे हप्त्याने. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते, आणि व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवू नका. त्यानंतर 'झिरो टक्के' जाऊन 'नो कॉस्ट' हा शब्द जास्त दिसू लागला. यात बँक व्याज लावतेच. तेवढीच सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते, म्हणून बेरीज सारखी दिसते.

समजा फोन १८,००० रुपयांचा आहे आणि क्रेडिट कार्डवर सहा महिन्यांचा नो कॉस्ट हप्ता आहे. दरमहा ३,००० रुपये. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरला तर बँक कर्ज दाखवते साधारण १७,१८९ रुपये आणि व्याज ८११ रुपये. क्रेडिट कार्डच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो झाला १४६. प्रोसेसिंग फी १९९ धरू, तिच्यावरचा जीएसटी ३६. म्हणजे 'नो कॉस्ट'वर ३८१ रुपये जास्त गेले. त्यातच समजा तोच फोन रोख घेतला असता तर दुकानदाराने १७,२०० ला दिला असता. मग हप्त्याची खरी किंमत ३८१ नाही, १,१८१ रुपये आहे. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारायचा : "रोख घेतला तर शेवटचा भाव काय?" हप्त्याचे बोलणे त्यानंतर.

दुसरा फसवा शब्द म्हणजे 'फ्लॅट' दर. १५,००० रुपयांचे कर्ज, एक वर्ष, 'फक्त १२ टक्के फ्लॅट'. व्याज १,८०० रुपये, हप्ता १,४००. ऐकायला ठीक वाटते. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. सहाव्या महिन्यानंतर आपल्याकडे १५,००० रुपये उरलेलेच नसतात, तरी व्याज पूर्ण १५,००० वर मोजलेले असते. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

बिलावर आणखी काय काय आहे ते ओळीने वाचा. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो सहसा सांगितलेल्या किमतीतच असतो. पण स्क्रीनचा विमा, वाढीव वॉरंटी, फायनान्स कार्डची वार्षिक फी, या गोष्टी न मागताही हप्त्यात घुसतात. नको असेल तर "हे काढा" असे स्पष्ट सांगायला संकोच करू नका.

तुमच्या हातातला कागद

इथे ग्राहकाच्या बाजूने एक चांगला नियम आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांना माहीत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या मुदतीच्या नव्या कर्जांसाठी बँकेने किंवा फायनान्स कंपनीने 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, म्हणजे मराठीत किंवा उर्दूत मागता येतो. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. म्हणजे "आत्ताच सही करा, ऑफर संध्याकाळी संपते" असे कोणी म्हटले तर तो कागद घेऊन घरी जाण्याचा आपल्याला हक्क आहे. कागदात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. क्रेडिट कार्डच्या थकबाकीला मात्र हा नियम लागू नाही, तिथे महिन्याचे स्टेटमेंट स्वतः तपासावे लागते.

ॲपवरून घेतलेल्या कर्जाला किमान एक दिवसाची फेरविचाराची मुदतही असते. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. आधी सांगितलेली प्रोसेसिंग फी मात्र कंपनी ठेवून घेऊ शकते.

हप्ता चुकला तर

खात्यात पैसे नसताना हप्त्याची तारीख आली की दोन ठिकाणी फटका बसतो. बँक रिटर्न चार्ज लावते आणि फायनान्स कंपनी तिचा वेगळा लावते. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत थकलेल्या हप्त्याचा दंड व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, तो वेगळाच दाखवावा लागतो. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. नातेवाईकांना फोन करून बदनामी करणे, धमकावणे हेही नियमाबाहेर आहे.

पण खरा फटका नंतर दिसतो. दोन हजारांचा चुकलेला हप्ताही सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्यांच्या नोंदीत जातो. पाच वर्षांनी मुंब्रा-शीळ किंवा कल्याण-टिटवाळ्याकडे घर बघताना, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना किंवा नवी रिक्षा काढताना ती नोंद समोर येते. आपल्या घरांत एक सवय आहे : पाहुण्याला फोन हवा, त्याचे कार्ड नाही, मग "आपा, तुमच्या कार्डवर घेऊ द्या ना, हप्ता मी देईन." नाती सांभाळायलाच हवीत. पण कागदावर कर्जदार आपा आहेत, पाहुणा नाही. त्याने हप्ता चुकवला तर नोंद आपांच्या नावावर लागते आणि फोन त्याच्या खिशात राहतो. मदत करायचीच असेल तर जेवढे जमतील तेवढे पैसे हातात द्या, नाव देऊ नका.

देशातल्या चारही क्रेडिट कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाने तो काढून बघावा. शेवटचा हप्ता भरल्यावर ना-हरकत पत्र घ्यायला विसरू नका, कर्जाचे लॉक ॲप असेल तर तेही काढून घ्या. आणि नोंदीत 'क्लोज्ड' लिहिले आहे ना, ते पहा. 'सेटल्ड' लिहिले असेल तर त्याचा अर्थ पूर्ण रक्कम न भरता तडजोड झाली असा होतो आणि पुढचा कर्ज देणारा बिचकतो.

व्याजाचा प्रश्न

आपल्या अनेक वाचकांसाठी हिशोबाच्याही आधी एक प्रश्न येतो : हे सूदमध्ये येते का? फतवा देणे आमचे काम नाही. पण प्रश्न नीट विचारता यावा म्हणून व्यवहाराचे स्वरूप सांगतो. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९० मध्ये हप्त्याच्या विक्रीवर ठराव केला. उधारीची किंमत रोख किमतीपेक्षा जास्त असू शकते, पण सौदा करतानाच एक किंमत पक्की व्हावी, व्याज वेगळे लावलेले नसावे आणि हप्ता उशिरा आला म्हणून रक्कम वाढवू नये, असा त्याचा सारांश आहे.

आता बाजाराकडे बघा. ओळखीचा दुकानदार स्वतः म्हणाला, "रोख पंधरा हजार, सहा महिन्यांत सोळा हजार," आणि सोळा हजारांवर सौदा पक्का झाला, तर ती दोघांमधली विक्री आहे. फायनान्समध्ये तिसरा पक्ष येतो. दुकानाला पैसे तो देतो आणि आपल्याशी त्याचा करार कर्जाचा असतो. नो कॉस्टमध्येही कागदावर व्याजाचा आकडा असतो, फक्त तो सुटीने भरून काढलेला असतो. आपल्या मुफ्ती साहेबांना विचारताना नुसते "ईएमआय चालेल का?" असे विचारू नका. कागद समोर ठेवा आणि दंडाचे कलमही दाखवा. उत्तर त्यावरच अवलंबून असते.

ज्यांना या वाटेला जायचेच नाही, त्यांच्याकडे पर्याय आहेत. गल्लीतली भिशी हा सगळ्यात जुना आणि बिनव्याजी मार्ग आहे. दहा बायकांनी दरमहा १,५०० रुपये टाकले तर प्रत्येकीच्या पाळीला १५,००० येतात. निकालाच्या महिन्यात ज्यांच्या घरी विद्यार्थी आहे त्यांची पाळी आधी लावता येते. घरातल्या कोणाकडून कर्जे हसना घेतले तरी ते लिहून ठेवा, देण्याची तारीखही लिहा. लिहिलेल्या व्यवहाराने नाते बिघडत नाही.

जुना फोन घेणे हाही पर्याय आहे. पण त्याआधी डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर काढा आणि सरकारच्या संचार साथी सेवेवर तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथे कळते. बिल आणि डबा नसेल तर सौदा सोडून द्या.

परदेशातून येणारा फोन

कोणाचा भाऊ दुबईला, कोणाचा मामा रियाधला, कोणाची बहीण अमेरिकेत. तिकडून फोन मागवताना एकच विचारा : तो करारावर घेतलेला आहे का? कराराची रक्कम बाकी असेल तर फोन तिथल्या कंपनीला लॉक असू शकतो आणि इथले सिम त्यात चालणार नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या फोनमध्ये सिमची खाच नसते, फक्त ई-सिम असते. आपल्या मोठ्या कंपन्या ई-सिम देतात, पण साधे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायची सवय असलेल्या अम्मी-अब्बांना असा फोन गैरसोयीचा होतो.

तक्रार कुठे करायची

कर्जाबाबत आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. फोन किंवा दुकानाबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्यानेही काम झाले नाही तर ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही ठाणे जिल्ह्यात राहत असाल तर दुकान किंवा कंपनी कुठलीही असो, तक्रार इथेच दाखल होऊ शकते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. फक्त पक्के बिल हवे. "बिल नको, दोनशे कमी करतो" या दोनशे रुपयांत आपला हा सगळा हक्क विकला जातो.

मग घ्यायचे काय?

पैसे हातात असतील तर रोख आणि अनलॉक, याहून स्वस्त वाट नाही. पैसे कमी असतील तर आधी फोनचा आकडा कमी करा, मुदत वाढवू नका. सिम कंपनीची ऑफर त्यांनाच फायद्याची, जे तसेही तीच कंपनी वापरतात, तेवढाच रिचार्ज करतात आणि ज्यांच्या घरात तिची रेंज पक्की आहे. हप्ता घ्यायचाच असेल तर घरातले सगळे हप्ते, भाडे, शाळेची फी आणि किराणा एका कागदावर लिहा. एक महिना कमाई बंद राहिली तरी हा हप्ता जाईल का, ते बघा. जाणार नसेल तर तो फोन सध्या आपला नाही. मुलांनाही हा कागद दाखवा. घर कसे चालते हे त्यांना कळले, तर काउंटरवर बोट ठेवण्याआधी तीही एकदा विचार करतील.